‘इतर’च्या गठ्ठ्यातला कागद : सोलापुरातले पक्ष-मेळावे आणि हवामानाच्या मागण्या

आषाढीची वारी पंढरपुरात पोचली त्या आठवड्यात, जुलै २०२४ मध्ये, आमची पहिली बैठक झाली. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता आहेत, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. एक बालरोगतज्ज्ञ, एक तरुण वकील (त्याचे वडील यंत्रमागावर होते) आणि शहराच्या पूर्व भागात तीस वर्षे विड्या वळणाऱ्या एक अक्का. एवढेच आम्ही. येणारी विधानसभा निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून सगळ्या पक्षांच्या मेळाव्यांत जायचे आणि हवामानाच्या प्रश्नावर त्यांच्याकडून लेखी काहीतरी मिळवायचे, असे त्या दिवशी ठरले. त्यातले काय जमले, काय फसले आणि आमच्या हातून कोणती चूक झाली, ते इथे मांडते. पक्षांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. अनुभव एका पक्षापुरता नव्हता, आणि ज्यांनी आमच्यासाठी वेळ काढला त्यांना अडचणीत आणायचे नाही.

आधी त्या वर्षाचे चित्र. २०२३ चा पाऊस कमी पडला. उजनी भरले नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच धरण मृतसाठ्यात गेले. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातले सुमारे ५३.५ उपयुक्त आणि सुमारे ६३.६ मृतसाठा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी धरणाच्या दारांखाली. उपयुक्त पाणी संपले की आकडा शून्य होतो आणि तिथून उणे मोजायला सुरुवात होते. ‘उजनी मायनसमध्ये’ हे शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही कळतात. जूनमध्ये तो आकडा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला. काका बैठकीत कागदावर गणित करून दाखवत होते: उपयुक्त साठ्याचे ६० टक्के म्हणजे ३२ टीएमसी. मृतसाठ्यातले निम्मे पाणी आपण उचलून वापरले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातल्या पावसावर हेच धरण शंभर टक्के भरले, आणि दोन महिन्यांपूर्वीचा सगळा घोर एका रात्रीत पाण्याखाली गेला. आमच्या कामातली पहिली अडचण हीच. धरण भरले की पाण्यावर कोणी ऐकून घेत नाही.

शहरात तेव्हा चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत होते. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे सोलापूरकरांना नवीन नाही, पण ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान त्याच उन्हात झाले. बूथवरची पोरे, रांगेतल्या म्हाताऱ्या, पत्र्याच्या शाळांतले कर्मचारी यांनी ते ऊन अंगावर घेतले. पुढे हा दिवस आमच्या फार उपयोगी पडला. तो कसा, ते ओघात येईल.

पक्षांकडेच का गेलो, असे खूप जणांनी विचारले. जिल्हाधिकारी आहेत, महापालिका आहे, तिथे निवेदन द्या की. दिले होते. पण मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. प्रभागातल्या माणसाने सावली किंवा पाणी मागायचे तर दार कोणाचे वाजवायचे? त्याच वेळी गल्लोगल्ली नगरसेवकपदाचे इच्छुक तयार बसले होते. निवडणूक कधी लागेल याचा पत्ता नाही, आणि लोकांसमोर जायला मुद्दा हवा. हे इच्छुक पक्षांच्या मेळाव्यात पहिल्या चार रांगांत सापडतात. आमचा हिशोब असा होता.

पहिला मेळावा

पहिला कागद मी लिहिला आणि तो वाईट होता. दोन पाने. पॅरिस करार २०१५, दीड अंशाची मर्यादा, कार्बनचे प्रमाण, आणि शेवटी अकरा मागण्या. वकिलाने त्यात २१ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घातला. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे, असे न्यायालयाने त्यात मान्य केले. तो खटला माळढोक पक्ष्याचा. राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांवरून सुरू झालेला, पण माळढोक म्हटले की सोलापूरकराला आपले नान्नजचे अभयारण्य आठवते. म्हणून आम्हाला वाटले की हा धागा लोकांना भिडेल.

ऑगस्टच्या शेवटी शहरातल्या एका सभागृहात एका पक्षाचा कार्यकर्ता मेळावा होता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. सत्कारांत पाऊण तास गेला. आम्हाला बोलायला मिळणार नव्हते, ‘निवेदन द्या’ एवढेच सांगितले होते. व्यासपीठाच्या पायरीशी उभे राहून कागद दिला, फोटो काढला आणि तो कागद स्वीय सहायकाच्या हातात गेला. त्याच्यासमोर टेबलावर निवेदनांचे गठ्ठे होते. त्याने वर न बघता विचारले, “कुठल्या समाजाचं?”

मला प्रश्न कळला नाही. त्याने परत विचारले, “निवेदन कुठल्या समाजाचं आहे, मॅडम?”

आरक्षणाच्या आंदोलनांचे वर्ष होते ते. वेगवेगळ्या समाजांच्या मागण्या घेऊन माणसे येत होती आणि तो तरुण त्यांचे नीट गठ्ठे करत होता. बाकीचे खात्यांप्रमाणे: महसूल, शिक्षण, बांधकाम. मी म्हणाले, “समाजाचं नाही, सगळ्यांचं आहे.” त्याने कागद उजवीकडच्या गठ्ठ्यात ठेवला. वर चिठ्ठी होती, ‘इतर’.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याने सरळ काम केले. पण घरी येताना अक्का रिक्षात म्हणाल्या, “सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच नाही, टीचर.” त्या एका वाक्याने आमचे पुढचे दोन महिने बदलले.

ठराव कुठे लिहिला जातो

त्यानंतर आम्ही तीन आठवडे कुठेही गेलो नाही. वेगवेगळ्या पक्षांतल्या ओळखीच्या जुन्या कार्यकर्त्यांना भेटून मेळावा म्हणजे नक्की काय असते ते विचारत राहिलो. हा भाग विस्ताराने सांगते. असे काम करू पाहणाऱ्याला तो कुठे लिहिलेला मिळणार नाही.

व्यासपीठावर काहीच ठरत नाही. तिथे जे वाचले जाते ते आदल्या रात्री पक्ष कार्यालयात लिहिलेले असते. जिल्ह्याचे सरचिटणीस, एखादा जुना प्राध्यापक किंवा पत्रकार आणि टंकलेखन येणारा एक पोरगा, असे तिघे-चौघे बसतात. अभिनंदनाचा ठराव, शोकप्रस्ताव, शेतकऱ्यांचा ठराव, महागाईचा किंवा विकासाचा ठराव. यातले बरेच मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेले असतात. नवा ठराव घालायचा तर ती रात्र गाठावी लागते. ‘हात वर करून संमत’ होताना सभागृहातले निम्मे लोक जेवणाकडे वळलेले असतात. संमत न झालेला ठराव कोणाला आठवत नाही. जाहीरनाम्याची समिती मुंबईत असते. जिल्ह्यातून तिच्याकडे जातात ते हे ठराव, आणि तेही कोणी पाठपुरावा केला तरच.

परदेशात हे काम उघड आणि आखीव पद्धतीने चालते. ब्रिटनमध्ये प्रत्येक शरद ऋतूत पक्षांची अधिवेशने भरतात आणि पर्यावरण संस्था तिथे दालने घेतात, मुख्य सभेच्या आजूबाजूला स्वतःच्या छोट्या सभा लावतात, मंत्र्यांना आणि प्रतिनिधींना तिथे गाठतात. मी त्या पद्धतीबद्दल वाचत होते. १४ ऑक्टोबर १९८८ ला ब्रायटनच्या अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी हुजूर पक्षासमोर सांगितले की पृथ्वी कुठल्याच पिढीच्या मालकीची नसते, आपण तिचे हयातीपुरते भाडेकरू असतो आणि दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवरच असते. भाषण गाजले. पण कायदा व्हायला आणखी वीस वर्षे लागली. २००५ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ने मोहीम उघडली, मतदारसंघामतदारसंघांतून खासदारांना पत्रे गेली, विरोधातल्या हुजूर पक्षाने आधी मागणी उचलून धरली, सत्तेतल्या मजूर पक्षाला मागे राहणे परवडेना, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये हवामान बदल कायदा आला. विरोधातली मते बोटांवर मोजण्याइतकी होती.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले: “त्या कायद्यात हिशोब कोण देतो?” मी सांगितले, सरकारला पाच-पाच वर्षांचे कार्बनचे अंदाजपत्रक, म्हणजे किती कार्बन सोडायचा याची मर्यादा, ठरवावे लागते आणि स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेला अहवाल देते. “मग आपल्या कागदातही तारीख आणि हिशोब घाला,” ते म्हणाले. “भाषणाला तारीख नसते.”

तेव्हा आम्ही कागद एका पानावर आणला. तीन ओळी. एक: एप्रिल ते जून दुपारी १२ ते ४ या वेळेत विडी कारखान्यांच्या ब्रँचवर (बायका वळलेल्या विड्या जिथे जमा करतात), मजूर अड्ड्यांवर आणि बाजार समितीच्या आवारात सावली, पिण्याचे पाणी आणि ओआरएस. दोन: पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांना आणि माग-शेडना, तसेच कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलांच्या स्लॅबना उन्हाळ्याआधी पांढरा रंग, प्रभागनिहाय यादी करून. तीन: उजनीच्या कालवा सल्लागार समितीत उन्हाळ्याच्या पाळ्यांबद्दल (कालव्यात पाणी सोडायच्या फेऱ्यांबद्दल) जे ठरते ते आठ दिवसांत गावोगावी फळ्यावर लावणे, आणि पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी वेगळे दाखवणे. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि जबाबदार कार्यालय. ‘हवामान बदल’ हे शब्द फक्त शीर्षकात ठेवले.

दुसरी एक गोष्ट आम्ही पाळली. एकच कागद, सगळ्या पक्षांना, आणि प्रत्येकाला हे आधीच सांगायचे. एका ठिकाणी याचा फटका बसला. “तुम्ही त्यांच्याकडेही गेला होता म्हणे,” असे म्हणून त्यांनी चहा दिला आणि विषय संपवला. तरीही मला वाटते, लपवले असते तर दोन्हीकडचे दार बंद झाले असते. सोलापूर तेवढे मोठे नाही.

अक्कांची रात्र

गणपती १७ सप्टेंबरला गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी उमेदवारीची घोषणा करत नाही, पण कार्यकर्त्यांच्या बैठका होतात, उलट तेव्हाच नेत्यांना वेळ असतो. अशाच एका मेळाव्याच्या आदल्या रात्री आम्ही पक्ष कार्यालयात गेलो. सरचिटणीस साठीचे, चष्मा कपाळावर, समोर तीन ठरावांचे मसुदे. कागद वाचून ते म्हणाले, “चांगलं आहे. पण कार्यकर्त्याला हे स्वतःचं वाटलं पाहिजे.”

मी समजावायला लागले. डॉक्टरांनी अहमदाबादचे उदाहरण दिले: २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत तिथे माणसे दगावली, मग २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. सरचिटणीस ऐकत होते, पण पेन खाली होते. तेवढ्यात अक्का बोलल्या. त्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी सोलापूरच्या वळणाची.

“साहेब, पान ओलं लागतंय. वाळलं की चुरा होतोय. म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पंखा लावला तर पान वाळतंय, तंबाखू उडतंय. मग पंखा बंद. वर पत्रा. हजार विडी झाल्याशिवाय मजुरी नाही. दुपारी दोनला बाई उठून पाणी पिली तर शंभर विडी कमी. ब्रँचला जायचं ते बी उन्हात, माल घेत नाही तोवर रांगेत. आता सांगा, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच लिहा.”

सरचिटणीसांनी चष्मा खाली घेतला. “सात मेला आमच्या बूथवर एका पोराला चक्कर आली होती,” ते म्हणाले. “सलाईन लावावं लागलं.” मग पेन उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने ठराव लिहिला. पंखा बंद ठेवावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हते. ज्या शहरात हजारो बायका विड्या वळतात आणि ज्यांच्या मतांवर त्या भागातले राजकारण उभे आहे, तिथे आयुष्यभर राजकारण केलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळत होते. म्हणून मला आमचा हा सगळा खटाटोप योग्य वाटतो. पक्षाचा माणूस दुष्ट असतो म्हणून तो उन्हाबद्दल बोलत नाही, असे नाही. त्याला ते कोणी त्याच्या कामाच्या भाषेत सांगितलेलेच नसते.

दुसऱ्या दिवशी ठराव वाचला गेला, हात वर झाले. संमत. आम्ही खूश होतो. रात्री वकिलाने छापील प्रत पाहिली आणि फोन केला, “टीचर, क्रियापद बघा.”

आमच्या कागदावर होते: ‘महापालिकेने ३१ मार्चपर्यंत प्रभागनिहाय यादी जाहीर करावी.’ ठरावात झाले होते: ‘याबाबत शासनाकडे आग्रहाची विनंती करण्यात येत आहे.’ तारीख गेली, कार्यालय गेले आणि करणारा माणूसही गेला. विनंती कोण करतो आहे, कोणाकडे, आणि ती फेटाळली तर पुढे काय, याचा वाक्यात पत्ता नाही. आपल्या ठरावांची ही ठरलेली भाषा आहे. ‘करण्यात येईल’, ‘प्रयत्न करण्यात येतील’, ‘लक्ष वेधण्यात येत आहे’. मराठीतल्या या कर्मणी वाक्यांत आश्वासन असते, पण ते देणारा नसतो. सरचिटणीसांनी मुद्दाम पळवाट ठेवली असे मला वाटत नाही. त्यांचा हात त्या भाषेला सरावला आहे. पण परिणाम तोच. तेव्हापासून आम्ही ठरावाचा मसुदा देताना फक्त क्रियापदांसाठी वेगळे बसतो.

मोहोळकडचा प्रश्न

आता आमच्या चुकीकडे येते.

जुलैतल्या पहिल्या बैठकीतच काकांनी ऊस हा शब्द काढला होता. सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीसहून अधिक साखर कारखाने. उजनीचे पाणी कुठे जाते हे कोणाला सांगायची गरज नाही. वकिलाने दुसरा मुद्दा काढला, दक्षिण सोलापुरातल्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राचा. कोळसाही तिथे जळतो आणि उजनीचे पाणीही तिथे लागते. दोन्ही मुद्दे मीच बाजूला ठेवायला लावले. माझा युक्तिवाद असा: जिल्ह्यात कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर चार माणसे अशी असतात ज्यांचा कारखान्याशी संबंध असतो, अध्यक्ष म्हणून, संचालक म्हणून किंवा ऊस घालणारा सभासद म्हणून. उसाचे नाव घेतले की कागद तिथेच फाटेल. आधी सोपे मिळवू, अवघड नंतर. काका गप्प बसले, पण पटले नव्हते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, घटस्थापनेनंतर, मोहोळकडच्या एका गावात तालुका मेळावा होता. मंदिरासमोर मांडव. इथे आम्हाला पाच मिनिटे बोलायला मिळाली. मी पाळ्यांचा मुद्दा मांडला, टाळ्याही पडल्या. खाली उतरले तर एक शेतकरी आला, डोक्यावर टोपी, हातात आमचा कागद घडी घातलेला.

“मॅडम, सगळं लिहिलंय. उसाचं का लिहिलं नाही?”

मी काहीतरी पुटपुटले. ते थांबले नाहीत. “माझा पाच एकर ऊस आहे. मी काय हौसेनं लावतोय का?”

मग मांडवाच्या कडेला बसून त्यांनी मला जे सांगितले ते माझ्या भूगोलाच्या पुस्तकात नाही. डाळिंबाला तेल्या रोग आला. द्राक्षाला ऐन वेळी अवकाळी गाठते. कांद्याचा भाव सोलापूरच्या बाजार समितीत सकाळी एक आणि दुपारी एक. उसाला मात्र एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे, आणि तोड उशिरा आली तरी ऊस शेतात उभा राहतो. पण त्यांचे मुख्य कारण वेगळे होते. पाळी कधी येणार हे आधी माहीत नसते. दहा दिवस उशीर झाला तर भाजी जाते, मका जातो. ऊस पाने पिवळी करून तग धरतो आणि पाणी मिळाले की परत उठतो. “पाण्याचा भरवसा नाही म्हणून ऊस,” ते म्हणाले. “तुम्ही लोक म्हणता ऊस आहे म्हणून पाणी नाही. दोन्ही खरं आहे. उन्हाळ्यात पाळ्या किती आणि कोणत्या तारखेला, हे दिवाळीआधी लेखी द्या. मी स्वतःहून एक एकर कमी लावतो.”

काका शेजारी बसून ऐकत होते. धरणाचे १५ ऑक्टोबरचे पाणी मोजून रब्बी आणि उन्हाळ्याचे नियोजन करायचे, ही खात्याची जुनी रीत आहे. म्हणजे त्या शेतकऱ्याने मागितलेली तारीख कागदोपत्री आधीपासून आहे, फक्त ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. ठिबकचेही तसेच. ठराविक प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात उसाला ठिबक बंधनकारक करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच घेतला होता. त्या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या शेतात ठिबक आहे असे विचारले तेव्हा वर आलेले हात मी मोजले नाहीत, पण मोजायला वेळ लागला नसता.

मी तीन महिने ज्या भीतीने उसाचे नाव टाळले, ती भीती व्यासपीठावरच्यांची असेल किंवा नसेल. मांडवातल्यांची नव्हती. ती माझी होती. शहरात बसून मी ठरवून टाकले होते की ऊसवाल्याला हे ऐकवणार नाही, आणि ऊसवाला स्वतः विचारायला आला.

१५ ऑक्टोबर

त्यानंतर कागद दुरुस्त करायला वेळच उरला नाही. ज्या दिवशी उजनीचा नियोजनाचा साठा मोजतात त्याच दिवशी, १५ ऑक्टोबर २०२४ ला, निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता लागली. एका आघाडीचा आणि दुसऱ्या आघाडीतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा असे दोन जाहीरनामे १० नोव्हेंबरला मुंबईत प्रसिद्ध झाले, मतदान २० ला. मी रात्री बसून दोन्ही वाचले. आमची ओळ कुठेच नव्हती. दहा दिवसांत त्यावर चर्चाही होणे शक्य नव्हते. जाहीरनाम्यावर परिणाम घडवायचा तर काम आदल्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवे होते, आषाढीला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२५ मध्ये, पूर्व भागातल्या एका ब्रँचसमोर मांडव दिसला. हिरवे कापड, दोन माठ, ओआरएसची पाकिटे. फलकावर एका इच्छुकाचा हसरा फोटो. त्या सप्टेंबरच्या मेळाव्यात तो तिसऱ्या रांगेत होता, आमचा कागद त्याने मागून घेतला होता. अक्कांनी तिथले पाणी पिऊन मला फोन केला. “फोटो असू दे,” म्हणाल्या, “पाणी गार आहे.” मला त्याचा आनंद आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. दुपारी दोनला त्या मांडवात वीस बायका बसलेल्या मी पाहिल्या. पण तो माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रभागात गेला तर मांडवही त्याच्याबरोबर जाईल. महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्या माठांना जागा नाही. २०२४ मध्ये उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीतही नव्हती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून अशा स्थानिक आपत्तींसाठी खर्च करायचा तर १० टक्क्यांची मर्यादा. ऊन हे आमच्या कारभारात अजून दानधर्माचे खाते आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर. ज्या तालुक्यांत आम्ही टँकरबद्दल बोलत होतो तिथे माणसांना बोटींतून काढावे लागले. मोहोळच्या त्या शेतकऱ्यांना फोन लावला. घरचे सुखरूप होते. ऊस आडवा, वर गाळ, मोटार वाहून गेलेली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, तो कागद अजून आहे का?”

त्यानंतरच्या बैठकांत व्यासपीठावरून ‘हवामान बदल’ हे शब्द आपणहून यायला लागले. पूर्वी आम्ही ते शीर्षकात दडवत होतो. मला त्याचे फार समाधान वाटले नाही. पुराचे खापर हवामानावर फोडले की नदीपात्रातली बांधकामे, बुजवलेले ओढे आणि धरणांतून पाणी कधी सोडले हे प्रश्न मागे पडतात. शब्द आपल्या बाजूला आला म्हणून मागणी आली असे होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी आपण सत्तेत आलो तर २००८ चा तो कायदाच रद्द करू असे जाहीर केले, पक्षाचे अधिवेशन तोंडावर असताना. ज्या पक्षाच्या व्यासपीठावरून १९८८ चे भाषण झाले, त्याच पक्षाने. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “कायदा असला म्हणून त्यांना रद्द करतो असं तोंडानं म्हणावं तरी लागतंय. आपल्याकडं काय रद्द करायचं म्हणतील?”

नवा कागद आम्ही दिवाळीनंतर केला. पहिल्या तीन ओळी जवळपास त्याच. चौथी ओळ मोहोळहून आली, वहीच्या पानावर, त्यांच्याच अक्षरात: ‘उजनीच्या उन्हाळी पाळ्यांच्या तारखा पाटबंधारे विभागाने दिवाळीआधी प्रत्येक गावाला लेखी कळवाव्यात. जो शेतकरी त्या भरवशावर उसाचे क्षेत्र कमी करेल त्याला ठिबकचे अनुदान पहिले मिळावे.’ आम्ही एकही शब्द बदलला नाही. वीज केंद्राबद्दल अजून आमच्यातच एकमत नाही. वकिलाच्या गल्लीतली तीन मुले तिथे कंत्राटावर कामाला आहेत आणि तो म्हणतो, त्यांच्याशी आधी बोलतो.

कागद घेऊन परत त्याच सरचिटणीसांकडे गेलो. अक्का बरोबर होत्या. तीन ओळी त्यांनी मान हलवत वाचल्या. चौथीवर थांबले.

“ही ओळ कुणाची?”

“मोहोळकडच्या एका शेतकऱ्याची. पाच एकर ऊस आहे त्यांचा.”

“आपला आहे का?”

“तुमचाच सभासद आहे,” काका म्हणाले. “वीस वर्षांचा.”

त्यांनी वहीचे ते पान पुन्हा एकदा वाचले, नंबर मागून घेतला आणि आमच्यासमोरच फोन लावला. दहा-बारा मिनिटे बोलणे चालले होते. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती: “हं”, “खरंय”, “गाळ काढला का?” फोन ठेवल्यावर त्यांनी चौथी ओळ मसुद्यात उतरवली आणि शेवटी सवयीने लिहिले, ‘अशी आग्रहाची विनंती करण्यात येत आहे.’ वकिलाने ते शब्द खोडायची विनंती केली. बघतो, म्हणाले. मसुदा त्यांच्याकडेच आहे.